अंजनेरीची खरपुडी आणि गॅलरीतला स्टेपेलिया, एकाच घरातले

पावसाळ्यात अंजनेरीला जाणारे बहुतेक जण दर्शन घेतात, धुक्यातले फोटो काढतात नि परत येतात, पण पठारावरच्या गवतात जरा वाकून बघा. तिथे सेरोपेजिया अंजनेरिका उगवते, 2006 साली नवीन प्रजाती म्हणून नोंदवलेली, नाव या डोंगरावरूनच पडलेलं. सेरोपेजिया म्हणजे आपली खरपुडी, कंदीलपुष्प. कॅनरी बेटांपासून आफ्रिका, भारत ते थेट ऑस्ट्रेलियापर्यंत हिचे नातेवाईक आहेत.

सेरोपेजियाची बहुतेक फुलं म्हणजे सापळाच, खाली फुगीर, मध्ये अरुंद नळी. वासाला भुलून बारीक माशी आत शिरते, नळीतले केस खाली वळलेले असल्यामुळे तिला वर चढता येत नाही, मग तळाशी धडपडताना परागांची चिमुकली पुडी तिच्या सोंडेला चिकटते आणि फूल कोमेजायला लागलं की केस ढिले पडतात, माशी सुटते, पुढच्या फुलात जाऊन अडकते. किती भारी आहे हे!

लिनियसपासून, म्हणजे अठराव्या शतकात वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या शास्त्रज्ञापासून, वर्गीकरण मुख्यतः रूपावरूनच झालं. नळीवालं ते सेरोपेजिया, बिननळीचं, कंदवालं ते ब्रॅकीस्टेल्मा आणि जाड मांसल खोड, चांदणीसारखं फूल ते स्टेपेलिया. आपल्या नर्सरीत स्टारफिश कॅक्टस म्हणून मिळतो तोच हा, खरंतर तो कॅक्टस नाहीच.

मग डीएनए आला. पानाचा छोटा तुकडा सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत) वाळवायचा, त्यातून डीएनए काढायचा, हरितलवकातले आणि केंद्रकातले ठराविक भाग वाचायचे, आणि कोणाचे बदल कोणाशी जुळतात ते कॉम्प्युटरवर लावून वंशवृक्ष काढायचा. कंद उपटायची गरज नाही, दुर्मिळ झाडांसाठी ही फार मोठी गोष्ट.

आणि निघालं काय, तर ब्रॅकीस्टेल्मा आणि स्टेपेलियाची सगळी मंडळी सेरोपेजियाच्याच फांद्यांमधून फुटलेली! म्हणजे सख्ख्या भावाला परका म्हणून वेगळं आडनाव दिलं आणि लांबच्या चुलत्याला घरात ठेवलं, असं झालेलं. म्हणून 2017 मध्ये काही संशोधकांनी सगळ्यांना सेरोपेजियातच घ्यायचं सुचवलं, त्या हिशोबाने स्टेपेलिया गिगँटिया आता सेरोपेजिया गिगँटिया. मला हे पटतं, नाव नात्यावरूनच ठरावं. पण काही तज्ज्ञांना सातशेच्या आसपास प्रजातींचा एवढा मोठा गठ्ठा नको वाटतो, वंशवृक्ष त्यांनाही मान्य आहे, वाद फक्त नावांचाच आहे.