लाकडी चमचा धुऊन पुन्हा वापरावा का?

1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर देशभर बंदी आली, महाराष्ट्रात तर ती 2018 मध्येच आली होती. तेव्हापासून पार्सलच्या पिशवीतून लाकडी चमचे घरोघरी यायला लागले. चांगली वस्तू फेकवत नाही, म्हणून अनेक घरांत ते धुऊन ठेवले जातात.

आधी उत्तर सांगते. चिवडा, फरसाण असं कोरडं ज्याने खाल्लं तो आपलाच चमचा लगेच धुतला, खडखडीत वाळवला आणि आणखी एक-दोनदा वापरला, तर धडधाकट माणसाला त्यात फारसा धोका नाही. पण दही, खीर, रस्सा, अंडं, मटण यांत बुडालेला चमचा पुन्हा वापरू नये. दुसऱ्याने तोंडात घातलेला तर मुळीच नाही.

लाकूड मुळातच अस्वच्छ असतं, असं मात्र नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डीन क्लायव्हर आणि नेसे आक यांनी सहकाऱ्यांसह केलेलं भाजी-मांस चिरायच्या पाटांवरचं काम 1994 साली प्रसिद्ध झालं. लाकडी आणि प्लास्टिकच्या पाटांवर त्यांनी साल्मोनेला, लिस्टेरिया यांसारखे जिवाणू मुद्दाम सोडले. नवं प्लास्टिक सहज स्वच्छ झालं, पण सुरीचे चरे पडलेलं प्लास्टिक काही केल्या नीट साफ होईना. लाकडावरचे जिवाणू मात्र थोड्या वेळाने पृष्ठभागावर सापडेनासे झाले. ते लाकडाने आत ओढून घेतले होते. पाट फोडून पाहिला तर आत काही काळ ते जिवंत आढळायचे, पण त्यांची वाढ होत नव्हती आणि हळूहळू ते मरत होते. लाकूड त्यांच्याभोवतीचं पाणी शोषून घेतं, आणि पाण्याशिवाय जिवाणूचं काही चालत नाही.

आपला पोळपाट, लाटणं, काठवट वर्षानुवर्षं टिकतात ते याच गुणावर. त्यांचं लाकूड साग, शिसव, बाभळीचं, म्हणजे घट्ट आणि जाड. वापरून झाल्यावर पोळपाट पुसून भिंतीला टेकवून उभा करायची रीत आहे. त्यामुळे दोन्ही अंगांना वारा लागतो आणि ओल राहत नाही. स्वच्छतेचं शास्त्र त्या उभं करण्यात आहे.

फेकायच्या चमच्याचं सगळंच वेगळं. तो बहुतेकदा बर्चचा असतो. हा आपल्या हिमालयातल्या भूर्जाचा भाऊबंद. ओंडका वाफवून मऊ करतात, फिरत्या यंत्रावर शार्पनरमधली पेन्सिल सोलावी तसा त्याचा पातळ पापुद्रा काढतात आणि त्यातून चमचे कापतात. खोलगटपणा येतो तो गरम साच्यात दाबून. जाडी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. चांगल्या चमच्याला वार्निश किंवा लेप नसतो, आणि तोंडात जाणाऱ्या वस्तूला तो नसणंच बरं. पण त्यामुळे पाणी अडवायलाही काही नसतं.

झाड जिवंत असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढतं, त्या या चमच्यात लांबीच्या दिशेने तशाच असतात. टोकाशी कापल्या गेल्याने त्यांची तोंडं उघडी पडतात. बर्चमधल्या नळीची रुंदी साधारण 0.05 ते 0.1 मिलिमीटर, तर जिवाणूची लांबी मिलिमीटरचा हजारावा भाग किंवा त्याहून थोडी जास्त. आइस्क्रीमची कोरी काडी रंगीत पाण्यात उभी करून बघा. रंग पाण्याच्या पातळीच्या वर रेषारेषांनी चढलेला दिसेल. रश्श्यातलं तेल, दुधातली साखर आणि प्रथिनं याच वाटेने आत जातात. घासणीचा हात तिथवर पोहोचत नाही, आणि भांड्यांच्या साबणाचाही थोडा अंश आत मुरतो.

मग उकळून घ्यावा का? इतक्या पातळ लाकडात उष्णता लगेच आरपार जाते, त्यामुळे बहुतेक जिवाणू मरतात हे खरं. पण शिळ्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सीरियससारख्या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे कठीण काळात तग धरणारं त्यांचं कवचबंद रूप, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. शिवाय चमच्याचेच हाल होतात. साच्यात दाबून दिलेला आकार ओल आणि उष्णतेने सैल पडतो आणि खोलगट भाग सपाट व्हायला लागतो. दाबून बसलेले तंतू फुगून वर येतात. पहिल्या वेळी गुळगुळीत लागलेली कड दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यानंतर ओठाला खरखरीत लागते. मग बारीक कुसं निघतात, भेगा पडतात. लहान मुलाच्या तोंडात असा चमचा देऊ नये.

खरा प्रश्न वाळण्याचा आहे. एप्रिलच्या उन्हात चमचा तासाभरात कोरडा होतो. पावसाळ्यात कोकणात, गोव्यात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस 80 टक्क्यांच्या वर असते. तेव्हा धुतलेला चमचा ड्रॉवरमध्ये ओलसरच राहतो आणि काळे-हिरवट ठिपके धरतो. ती बुरशी. ती वरवर खरवडून जात नाही, तिचे धागे आत गेलेले असतात. असा चमचा टाकूनच द्यावा. कुबट वास आला तरी तेच करावं, ठिपके दिसायची वाट पाहू नये.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती खाण्याच्या गाड्यांवर बादलीतल्या पाण्यात चमचे बुचकळून पुढच्या गिऱ्हाइकाला देण्याची. स्टीलच्या चमच्याला ते पाणी फक्त बाहेरून लागतं, लाकडी चमचा ते पिऊन घेतो. तिथे नवा चमचा मागून घ्यावा, संकोच करू नये.

घरी उरलेले कोरे लाकडी चमचे कुंडीत रोपांची नावं लिहून खोचायला छान चालतात. वापरलेले मोडून कंपोस्टच्या डब्यात टाकावेत. भाजीच्या ओल्या देठा-सालींना कोरडा, कर्बयुक्त जोड लागतोच. लाकूड सावकाश कुजतं, म्हणून तुकडे जितके बारीक तितकं बरं.