मेझ शस्त्रक्रिया : दीर्घकालीन एट्रियल फिब्रिलेशनमधील निष्पत्ती

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांचे, म्हणजे अलिंदांचे, आकुंचन विस्कटून नुसती थरथर चालू राहते तेव्हा त्या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. रुग्णालयातल्या बोलीत ‘एएफ’. नाडी हाताला बेताल लागते आणि ईसीजीत अलिंदांच्या आकुंचनाची खूण असलेली पी-लहर दिसत नाही. हा विकार बारा महिन्यांहून अधिक काळ सलग टिकला की तो दीर्घकालीन गणला जातो. त्यावरील प्रमुख शस्त्रक्रिया म्हणजे मेझ. अमेरिकेतील सेंट लुइस येथे जेम्स कॉक्स यांनी २५ सप्टेंबर १९८७ रोजी ती रुग्णावर प्रथम केली.

उपपत्ती : नावाप्रमाणे ही भूलभुलैयाची रचना आहे. अलिंदाच्या भिंतीत ठरावीक रेषांवर चिरा देऊन त्या पुन्हा शिवल्या की तेथे व्रण तयार होतो, आणि व्रणातून विद्युत्प्रवाह जात नाही. हृदयाचा ठोका जिथे सुरू होतो त्या साइनस गाठीतून निघालेला प्रवाह आडवळणांनी सगळ्या स्नायूंपर्यंत पोहोचतो, खालच्या कप्प्यांकडे जाणाऱ्या गाठीतून बाहेर पडतो, पण स्वतःभोवती गोल फिरायला त्याला मोकळी जागा उरत नाही. या आखणीमागे फिरत्या विद्युत्-लहरींची कल्पना होती. १९२०च्या सुमारास थॉमस लुईस एकाच प्रमुख वर्तुळाकार लहरीचा पुरस्कार करीत. १९५९च्या सुमारास गॉर्डन मो यांनी अनेक भटक्या लहरींचे गृहीतक मांडले. पुढे १९९८ साली बोर्दो येथील मिशेल आइसागेर व सहकाऱ्यांनी दाखवले, की अधूनमधून येणाऱ्या एएफमध्ये सुरुवातीची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसांतून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या फुप्फुसशिरांच्या तोंडाशी पडते. मेझमध्ये या शिरांभोवतीचा भाग पहिल्यापासूनच वेगळा पाडला जात होता, त्यामुळे शस्त्रक्रिया का लागू पडते याविषयी लहरी मानणाऱ्या व ठिणगी मानणाऱ्या अशा दोन्ही पक्षांना आपापला दावा करता येतो. दीर्घकालीन विकारात मात्र केवळ ठिणगीवर भागत नाही, असे मानणे अधिक सयुक्तिक. मास्ट्रिख्ट येथे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या बकऱ्यांवरील प्रयोगांत, कृत्रिमरीत्या वारंवार सुरू केलेले एएफ दिवसागणिक जास्त वेळ टिकू लागले. एएफच एएफला पोसते, हे सूत्र तिथून रूढ झाले. वर्षानुवर्षे थरथरलेले अलिंद ताणलेले आणि तंतुमय झालेले असते. तेथे भिंतीवरच्या रेषांनाही महत्त्व येते.

आवृत्त्या : पहिल्या आखणीत एक चीर साइनस गाठीच्या परिसरातून जाई, परिणामी श्रम केले तरी ठोक्यांचा वेग पुरेसा वाढत नसे. दुसरी आखणी हाताला अवघड होती. तिसरी, ‘कापा आणि शिवा’ म्हणून ओळखली जाणारी, दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. २००२ पासून राल्फ डॅमिआनो यांच्या गटाने बहुतेक चिरांच्या जागी रेडिओफ्रीक्वेन्सीचा चिमटा व अतिशीत सळई वापरली. चिमट्याच्या दोन जबड्यांत भिंत धरून भाजली की डाग आरपार उतरतो. बाहेरून नुसती टेकवलेली उपकरणे वाहत्या रक्तामुळे थंड पडतात आणि डाग अर्धवट राहतो. निष्पत्तीतील पुष्कळसा फरक या एका तपशिलावर अवलंबून असावा. डाव्या अलिंदाच्या मागील भिंतीभोवतीची ‘पेटी’ पूर्ण बंद झालेल्यांत विकार कमी उलटतो.

निष्पत्ती : २००३ साली प्रसिद्ध झालेल्या १९८ रुग्णांच्या मालिकेत, सरासरी ५.४ वर्षांनंतर ९७ टक्के रुग्ण एएफमुक्त होते. हा आकडा वारंवार उद्धृत होतो, पण त्या काळी तपासणी मुख्यतः अधूनमधूनच्या ईसीजीवर व रुग्णाच्या सांगण्यावर चाले. नंतरच्या निकषानुसार पहिले तीन महिने सोडून ३० सेकंदांची अनियमितता नोंदली गेली तरी ते अपयश. म्हणजे वर्षभर बरा असलेला, जिना चढताना न थांबणारा रुग्णही एका रात्रीच्या चाळीस सेकंदांपायी नापास होतो. सेंट लुइसच्याच २०२२ मधील ८५३ रुग्णांच्या अहवालात विकारमुक्तीचे प्रमाण एका वर्षाला ९२, पाच वर्षांना ८४ आणि दहा वर्षांना ७७ टक्के आहे; मात्र दहाव्या वर्षापर्यंत तपासलेले रुग्ण शंभराहूनही कमी. हे अनुभवी केंद्राचे आकडे आहेत.

अनेक केंद्रांच्या २०१५ मधील यादृच्छिक चाचणीत मायट्रल झडपेची (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) शस्त्रक्रिया झालेल्या २६० रुग्णांपैकी, सोबत ॲब्लेशन (अलिंदाची भिंत भाजून वा गोठवून व्रण पाडणे) केलेल्यांत सहा व बारा महिन्यांना ६३.२ टक्के, तर न केलेल्यांत २९.४ टक्के एएफमुक्त आढळले. पेसमेकर लागण्याचे प्रमाण दर १०० रुग्ण-वर्षांमागे २१.५ विरुद्ध ८.१ होते. वर्षभरातील मृत्यूंत लक्षणीय फरक नव्हता. केवळ फुप्फुसशिरा वेगळ्या करणे आणि दोन्ही अलिंदांची मेझ (६१ व ६६ टक्के) यांत फरक सिद्ध झाला नाही. पण एवढ्या लहान गटांवरून दोन्ही सारख्याच ठरवणे घाईचे होईल.

छाती न उघडता दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेची स्थिती वेगळी आहे. ब्रिटनमधील २०२० च्या चाचणीत केवळ दीर्घकालीन एएफचे १२० रुग्ण होते आणि त्वचेखाली बसवलेले नोंदयंत्र सतत चालू होते. औषधांविना विकारमुक्त राहिले शस्त्रक्रियेने २६, कॅथेटरने (शिरेतून हृदयात नेलेल्या नळीने केलेल्या ॲब्लेशनने) २८ टक्के. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत बाहेरून व आतून मिळून केलेल्या संमिश्र उपचाराला ६७.७ टक्के, केवळ कॅथेटरला ५० टक्के यश आले. मोजपट्टी व रुग्ण वेगळे असल्याने हे आकडे एका रांगेत मांडू नयेत.

डाव्या अलिंदाचा व्यास पाच सेंटिमीटरांपुढे गेला, किंवा विकार फार जुना असला, की यश घटते. डाव्या अलिंदाला जोडलेली, रक्ताच्या गुठळ्या साठू शकणारी छोटी पिशवी बंद करणे हा मेझचाच भाग. २०२१ मधील सुमारे ४,८०० रुग्णांच्या चाचणीत केवळ पिशवी बंद केल्याने पक्षाघात व रक्तगुठळ्यांचे प्रमाण ७ वरून ४.८ टक्क्यांवर आले.

भारतात एएफचे रुग्ण पाश्चात्त्यांहून तरुण असतात आणि संधिवाती तापाने आकसलेली मायट्रल झडप हे त्यांच्यातील मोठे कारण आहे. अशांत मेझ झडपेच्या शस्त्रक्रियेसोबतच होते. मात्र धातूची झडप बसवलेल्या रुग्णाचे वॉरफरिन (रक्त गोठू न देणारे औषध) आणि त्याची मात्रा ठरवणाऱ्या आयएनआर या रक्तचाचणीच्या फेऱ्या सुटत नाहीत, ठोके नियमित झाले असोत वा नसोत.