दुधाला हमीभाव आहे, हा गैरसमज

गोठ्यावर, डेअरीच्या कट्ट्यावर एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं: "सरकारनं दर जाहीर केलाय, म्हणजे दूध संघाला तो द्यावाच लागतोय." हे खरं नाही.

कोल्हापुरात ही समजूत घट्ट बसण्यामागं ऊस आहे. उसाच्या एफआरपीला, म्हणजे कारखान्यानं द्यायच्या किमान दराला, 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचा आधार आहे, 14 दिवसांत बिल देण्याचं बंधन आहे. दुधाला असा कायदा नाही. केंद्राच्या हमीभावाच्या यादीतही दूध नाही. 2024 साली राज्यानं गाईच्या दुधाला लिटरमागं 5 रुपये दिले, ते अनुदान होतं आणि त्याला अटी होत्या. म्हशीचं दूध त्यात नव्हतंच.

मग दर पडतो कशानं? गाईचं जादा दूध पावडर आणि बटरमध्ये जातं. पावडरीचा बाजार कोसळला की खरेदीदर खाली येतो. जाहीर दर असतो 3.5 फॅट, 8.5 एसएनएफला (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), त्याखाली पॉइंटमागं कपात. एसएनएफ कमी म्हणजे पाणी घातलं, हा आरोपही सरसकट करू नये. निकृष्ट वैरण आणि उन्हाळा यांनीही ते उतरतं. कष्टकऱ्याला उगाच चोर ठरवणं मला सहन होत नाही.

दर पडल्यावर हातात राहतं ते एवढंच: रोजची पावती तपासणं, पेंडीचा खर्च मुरघासानं (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यानं) कमी करणं, आणि दिवाळीला मिळणाऱ्या दरफरकाचा, म्हणजे वर्षभराच्या दुधावरच्या वाढीव रकमेचा, हिशेब संस्थेच्या सभेत उभं राहून मागणं.