बून घराणे

बून घराणे : अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरचा प्रसिद्ध वसाहतकार डॅनियल बून (१७३४–१८२०) याचे कुटुंब. मूळचे इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातील विणकर. १७१७ साली फिलाडेल्फियाला उतरलेल्या या घराण्याने पुढच्या शंभर वर्षांच्या आत पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायना, केंटकी आणि मिझुरी अशी चार ठिकाणी बिऱ्हाडे मांडली. डॅनियल बून म्हटले की डोक्यावर रॅकूनच्या कातड्याची टोपी घालून जंगलात एकटा भटकणारा शिकारी डोळ्यांपुढे येतो. ती टोपी त्याने कधी घातली नाही, तो फेल्टची हॅट वापरीत असे. शिकारीला तो महिनोन्महिने एकटा राही हे खरे, पण वस्ती करायला निघाला की मागे भाऊ, मेहुणे, जावई, भाचे असा सगळा गोतावळा असे. त्याचे चरित्र खरे तर एका कुळाचा वृत्तांत आहे.

डॅनियलचा आजोबा जॉर्ज बून (जन्म १६६६) एक्सेटरजवळच्या ब्रॅडनिंच गावात माग चालवी. तो क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा होता. पेनसिल्व्हेनिया ही वसाहतच मुळी क्वेकरांनी स्थापलेली, तिथे जमीन स्वस्त आणि धर्माचा जाच नाही. तरी जॉर्जने एकदम गाशा गुंडाळला नाही. आधी जॉर्ज, सारा आणि स्क्वायर ही मोठी मुले पुढे पाठवून त्याने त्या मुलखाचा अंदाज घेतला आणि मगच बायको मेरी व उरलेली मुले घेऊन तो निघाला. ओली भागात त्याने ४०० एकर जमीन घेतली. पुढे त्या परिसराला गावाकडच्या आठवणीने एक्सेटर हे नाव मिळाले. १७४४ साली तो वारला तेव्हा मुले, नातवंडे आणि पतवंडे मिळून सत्तर माणसे मागे होती. घराण्याची वंशावळ लिहिणाऱ्या त्याच्या एका नातवाने हा आकडा नोंदवून, बायबलातल्या याकोबाच्या घरातली इजिप्तला गेलेली माणसेही इतकीच होती, अशी पुस्ती जोडली आहे.

स्क्वायर (१६९६–१७६५) हे पदवीसारखे दिसणारे नाव खरे तर पाळण्यातलेच. विणकाम आणि लोहारकाम करणाऱ्या स्क्वायरने १७२० मध्ये सारा मॉर्गन या वेल्श क्वेकर मुलीशी लग्न केले. त्यांना अकरा अपत्ये झाली, त्यांतले सहावे डॅनियल. या पिढीची माहिती आपल्याला मिळते ती मुख्यतः क्वेकर मंडळीच्या सभांच्या नोंदवह्यांतून, आणि या वह्यांत जन्म व लग्ने यांच्याबरोबर माणसांच्या चुकाही टिपलेल्या असत. १७४२ मध्ये स्क्वायरच्या थोरल्या मुलीने पंथाबाहेर लग्न केले, तेही लग्नाआधीच दिवस गेलेले असताना. बापाने सभेपुढे चूक कबूल केली. पाच वर्षांनी मुलगा इस्रायल याने तेच केले, तेव्हा मात्र स्क्वायर माफी मागायला तयार होईना आणि मंडळीने त्याला काढून टाकले. सारा सभासद राहिली. १७५० मध्ये कुटुंबाने दक्षिणेची वाट धरली त्यामागे हा कटूपणा होता, तसेच कस गेलेली जमीन आणि वाढती मुलेही होती. चरित्रकारांना पहिले कारण जास्त आवडते. मला दुसरे अधिक वजनदार वाटते, कारण पुढचे प्रत्येक स्थलांतर जमिनीपायीच झाले.

या वह्या वाचताना एक खाच सांभाळावी लागते. क्वेकर लोक महिन्यांची नावे लिहीत नसत, आकडे लिहीत, आणि जुन्या कालगणनेत वर्ष मार्चपासून मोजले जाई. त्यामुळे ‘आठवा महिना, २२ तारीख’ म्हणजे ऑगस्ट नव्हे, ऑक्टोबर. १७५२ मध्ये इंग्रजी मुलखात नवे कॅलेंडर आले आणि तारखा अकरा दिवसांनी पुढे सरकल्या. म्हणून डॅनियलची जन्मतारीख कुठे २२ ऑक्टोबर १७३४ दिसते, तर कुठे २ नोव्हेंबर. तो स्वतः जन्मभर जुनीच तारीख धरून राहिला.

पेनसिल्व्हेनियात बून मंडळींच्या शेजारी लिंकन कुटुंब राहत असे. डॅनियलची चुलत बहीण ॲन हिने १७६० मध्ये त्या घरातल्या अब्राहम लिंकनशी लग्न केले. हा अब्राहम म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंकनच्या पणजोबांचा सावत्र भाऊ.

नॉर्थ कॅरोलायनातल्या याडकिन नदीच्या खोऱ्यात बून घराण्याचे ब्रायन घराण्याशी नाते जुळले, आणि ते एका लग्नावर थांबले नाही. डॅनियलने १४ ऑगस्ट १७५६ रोजी रेबेका ब्रायनशी लग्न केले. त्याचा धाकटा भाऊ एडवर्ड ऊर्फ नेड याने रेबेकाची बहीण मार्था केली. डॅनियलची बहीण मेरी रेबेकाच्या चुलत्याला दिली. म्हणजे बहिणी-बहिणी त्याच जावा-जावा, आणि नणंद तीच चुलती. रेबेकाला दहा मुले झाली. शिवाय वारलेल्या दिराचे दोन पोरके मुलगे आणि आपल्या विधुर भावाची सहा मुलेही तिनेच वाढवली. नवरा शिकारीवर गेला की शेत, गुरे, माग आणि हे लेंढार तिच्याच अंगावर पडे. तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळही आपल्यापर्यंत आलेली नाही.

सरहद्दीची किंमत या घराने मुलांच्या जिवाने मोजली. केंटकीत पहिली वस्ती करायला निघालेल्या तांड्यातला डॅनियलचा सोळा वर्षांचा थोरला मुलगा जेम्स १० ऑक्टोबर १७७३ रोजी कंबरलँड खिंडीच्या अलीकडे मारला गेला. बापाचा तळ काही मैलांवर पुढे होता. हल्लेखोर डेलावेअर, शॉनी आणि चेरोकी या मूळ अमेरिकन जमातींचे होते. त्यांतल्या एका शॉनीला जेम्स ओळखत होता, तो त्यांच्या घरी येऊन गेलेला. ॲडम नावाचा एक काळा गुलाम नदीकाठच्या वाहून आलेल्या लाकडांत लपून ते सगळे पाहत होता. जेम्सचा शेवट कसा झाला हे कळले ते त्याच्यामुळेच. रेबेकाने प्रेत गुंडाळायला घरातल्या लिननच्या चादरी पाठवल्या. १७८० मध्ये नेड मारला गेला. त्यालाच डॅनियल समजून मारले, असे घराण्यात सांगत. दुसरा मुलगा इस्रायल १९ ऑगस्ट १७८२ रोजी ब्लू लिक्सच्या लढाईत बापाच्या डोळ्यांदेखत पडला.

या हल्ल्यांची दुसरी बाजू जुन्या चरित्रांत फार पुसट आहे. मार्च १७७५ मध्ये सिकॅमोर शोल्स येथे एका खासगी कंपनीने चेरोकींच्या काही प्रमुखांकडून केंटकीचा मोठा भाग विकत घेतला. शॉनींना कोणी विचारले नव्हते, आणि ती त्यांची शिकारीची भूमी होती. बूनने त्या कंपनीसाठी वाट तोडली व बून्सबरो वसवले. तिथूनच १४ जुलै १७७६ या रविवारी त्याची मुलगी जेमायमा आणि कॅलोवे घरच्या दोन मुली होडीतून पळवल्या गेल्या. जेमायमाच्या पायाला जखम झाली होती, तो पाय गार पाण्यात सोडून ती बसली होती. जाताना मुलींनी डहाळ्या मोडून माग ठेवला आणि दोन दिवसांत त्यांची सुटका झाली. सोडवायला गेलेल्यांतला फ्लँडर्स कॅलोवे पुढे तिचा नवरा झाला. आपल्याला चांगले वागवले गेले, असेच ती पुढे सांगत असे. दीड वर्षाने डॅनियल स्वतः शॉनींच्या हाती लागला. त्यांचा नायक ब्लॅकफिश याने त्याला मुलगा मानून घेतले आणि शेल्टोवी, म्हणजे मोठा कासव, हे नाव दिले. तो मेला असे समजून रेबेका मुलांसह नॉर्थ कॅरोलायनाला परतली, पण जेमायमा बून्सबरोच्या किल्ल्यातच थांबली. जून १७७८ मध्ये तो पळून आला तेव्हा भेटायला घरचे असे तेवढे एकच माणूस होते.

जेम्सचा शेवट पाहणारा ॲडम हा रसेल नावाच्या दुसऱ्या कुटुंबाचा गुलाम होता. पण गुलाम बूनच्या घरीही होते, १७८७ च्या सुमारास त्यांची संख्या सात होती. वंशावळीत त्यांच्यासाठी रकाना नाही.

ज्या जमिनीसाठी हे सगळे, ती काही हाती राहिली नाही. केंटकीत एकाच तुकड्यावर तीन-तीन दावे असत, मोजण्या सदोष असत, आणि बूनला कोर्टकचेरीपेक्षा रान बरे कळे. कज्जे आणि कर्जे यांना कंटाळून १७९९ मध्ये तो मुले-जावयांसह तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या मिझुरीत गेला. मोठा मुलगा डॅनियल मॉर्गन आधीच तिथे होता. धाकटा नेथन वाटेतून मागे वळला, ऑलिव्ह व्हॅन बिबरशी लग्न करून आला आणि तिला घेऊन पुन्हा निघाला. स्पॅनिश सरकारने बूनला जमीन दिली, पण मुलूख अमेरिकेकडे आल्यावर कागद अपुरे म्हणून तीही गेली. १८१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ती परत केली, तेव्हा ती विकून त्याने केंटकीची देणी फेडली. डॅनियल मॉर्गन आणि नेथन या भावांनी मिझुरी नदीकाठच्या खाऱ्या झऱ्यांवर मीठ काढायचा धंदा केला. आज तो सगळा टापू बून्सलिक म्हणून ओळखला जातो. जेसी या मुलाचा मुलगा अल्बर्ट गॅलटिन बून कोलोरॅडोपर्यंत पोचला. १८६१ मध्ये शायेन व अरापाहो या मूळ जमातींची बहुतेक भूमी काढून घेणाऱ्या फोर्ट वाइजच्या तहावर सरकारतर्फे त्याचीही सही आहे.

घराण्याची सर्वांत भरवशाची तोंडी साक्ष नेथन आणि ऑलिव्ह यांची. लायमन ड्रेपर या संग्राहकाने १८५१ मध्ये त्यांच्या घरी मुक्काम करून तीनशेहून अधिक पाने टिपणे घेतली. ती विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन येथे जपली आहेत. बूनचे चरित्र मात्र ड्रेपरकडून पुरे झाले नाही.

अमेरिकेत बून आडनावाचे असंख्य लोक स्वतःला डॅनियलचे वंशज म्हणवतात. हिशेब करून पाहिला तर त्याच्या मुलांपैकी आडनाव पुढे चालले ते डॅनियल मॉर्गन, जेसी आणि नेथन या तिघांकडूनच. बाकी बहुतेकांचा धागा त्याच्या भावांशी किंवा चुलत्यांशी जुळतो, आणि कित्येकांचा कुठेच नाही. झाडांवर कोरलेल्या सह्यांचेही तेच. त्या बहुधा शेवटच्या ‘ई’ अक्षरावाचून आहेत, आणि डॅनियल आपले नाव लिहिताना ते अक्षर सहसा गाळत नसे.

रेबेका मार्च १८१३ मध्ये गेली. डॅनियल २६ सप्टेंबर १८२० रोजी नेथनच्या घरी वारला आणि आधीच करवून ठेवलेल्या चेरीच्या लाकडाच्या पेटीत तिच्या शेजारी पुरला गेला. १८४५ मध्ये केंटकीच्या लोकांनी दोघांचे अवशेष उकरून फ्रँकफर्टला नेले. चुकीची कबर खणली, असे मिझुरीतले लोक तेव्हापासून म्हणत आले आहेत. त्या वेळी कवटीचा प्लास्टरचा ठसा घेतला होता. १९८३ मध्ये एका मानवशास्त्रज्ञाने तो तपासला आणि ही कवटी एखाद्या काळ्या माणसाची असू शकेल, असे मत दिले. त्याला इतर तज्ज्ञांची मान्यता मिळालेली नाही. कबरीचे दगड दोन्ही राज्यांत उभे आहेत.