तंबाखूत चुना कशासाठी?

तळहातावर तंबाखू, त्यावर बोटभर चुना, अंगठ्याने मळायचं, थाप मारून धूळ उडवायची आणि चिमूट गालात. ही कृती महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. तिच्यातलं रसायनशास्त्र मात्र सांगायला हवं, कारण व्यसन सोडवण्याची एक किल्ली त्यातच आहे.

तंबाखूच्या पानातलं निकोटिन बहुतांशी आम्लांशी बांधलेलं असतं. त्या रूपात ते तोंडाच्या अस्तरातून सहज आत जात नाही. चुन्याने मिश्रण अल्कधर्मी झालं की निकोटिन सुटं होतं आणि गालातून थेट रक्तात उतरतं. सिगारेटचा धूर किंचित आम्लधर्मी असतो, म्हणून नुसता तोंडात धरून भागत नाही, झुरका छातीत ओढावा लागतो. फुप्फुसांचं क्षेत्रफळ अवाढव्य असल्याने तिथून निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, अनेक द्रवांमध्ये मुद्दाम बेंझोइक आम्ल घालतात. त्यामुळे वाफ घशाला खवखवत नाही आणि जास्त निकोटिन ओढता येतं.

मेंदूत पोचल्यावर निकोटिन डोपामिन हे सुखद वाटायला लावणारं रसायन स्रवायला लावतं. सवय झाली की निकोटिन पकडणारे ग्राहक रेणू मेंदूत वाढतात आणि ते रिकामे राहिले की तलफ येते. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. रात्रभरात ते जवळपास संपतं, म्हणून उठल्याउठल्या होणारी मागणी सर्वांत तीव्र असते. जाग आल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागत असेल, तर अवलंबित्व खोल आहे असं डॉक्टर धरतात.

२०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. स्त्रियांमध्ये हे प्रमाण १.४ आणि १६.६ टक्के आहे. म्हणजे आपल्याकडचा प्रश्न मुख्यतः गालातला आणि हिरड्यांवरचा आहे. मिश्री लावणाऱ्या बाईला तर आपण दात घासतो असंच वाटतं, आणि दवाखान्यातही तिला ‘सिगारेट ओढता का?’ एवढंच विचारून पुढे पाठवलं जातं. हे मला फार खटकतं.

ब्रिटनमध्ये सिगारेट सोडण्यासाठी व्हेप सुचवतात. तिथे त्याला आधार आहे: निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्यांपेक्षा व्हेपने सिगारेट सुटण्याचं प्रमाण जास्त, असं चाचण्यांमध्ये दिसलं आहे. पण भारतात २०१९पासून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात आणि विक्री बंद आहे. शिवाय ज्याने कधी धूर ओढलाच नाही, त्या तंबाखू खाणाऱ्याच्या फुप्फुसांत वाफ कशाला घालायची?

त्याच्यासाठी निकोटिनचा च्युइंगगम आहे. त्यातही चुन्याचंच तत्त्व वापरतात, फक्त चुन्याऐवजी सोडियम कार्बोनेटसारखा क्षार असतो. तो नेहमीच्या च्युइंगगमसारखा चघळत राहायचा नसतो. झणझणीत चव येईपर्यंत हळू चावायचा आणि मग गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. चहा, कॉफी किंवा लिंबूपाणी प्यायल्यावर लगेच घेतला तर तोंड आम्लधर्मी झालेलं असतं आणि निकोटिन शोषलं जात नाही. ‘गम घेऊन पाहिला, काही फरक पडला नाही’ असं म्हणणाऱ्यांनी आधी मधला चहा तपासावा.

सिगारेट-विडी सोडणाऱ्यांसाठी चहाची आणखी एक बाब आहे. धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफिन झपाट्याने मोडतं. धूम्रपान थांबलं की तो वेग उतरतो आणि नेहमीइतक्याच चहाने रक्तातलं कॅफिन बरंच चढतं. पहिल्या आठवड्यातली धडधड, चिडचिड, उडालेली झोप यांत त्याचाही वाटा असू शकतो. तेव्हा कप निम्मे करावेत.

नुसत्या निश्चयावर वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात. औषध आणि समुपदेशन यांनी ही शक्यता वाढते. वॅरेनिक्लिन हे औषध मेंदूतल्या त्याच ग्राहक रेणूंवर बसून निकोटिनचंच काम अर्धवट करतं, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं. समुपदेशनासाठी केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. मिश्रीसाठीही तिथे फोन करता येतो.