प्रजनन न्याय (नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात)

मूल होऊ देणे, न होऊ देणे आणि झालेले मूल सुरक्षितपणे वाढवणे, हे तिन्ही हक्क एकत्र धरणारी संकल्पना. १९९४ मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका गटाने ती मांडली. दवाखाना, पैसा आणि सवड नसेल तर निवडीचा हक्क गरीब बाईच्या काय कामाचा, हा त्यांचा मुद्दा. नाशिकच्या पाड्यांवर हा शब्द कुणी उच्चारत नाही. तिथे बाळंतपण, ‘ऑपरेशन’ (नसबंदी) आणि ‘पिशवी काढणे’ (गर्भाशय काढणे) असेच बोलले जाते.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे चौथा हिस्सा लोक अनुसूचित जमातींचे आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागांत कोकणा, महादेव कोळी, वारली, कातकरी यांची वस्ती आहे. सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर आदिवासी भागात २०,००० मागे, असा सरकारी निकष आहे. निकषात डोकी मोजली जातात, घाट आणि भरलेले ओढे नाहीत. रस्ता नसलेल्या पाड्यावरून गर्भवतीला झोळीत घालून डांबरीपर्यंत आणावे लागते. रुग्णवाहिकेचे काम त्यानंतर सुरू होते.

त्याहून अवघड प्रश्न स्थलांतराचा. भातकापणी उरकली की मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. बाईची नोंद गावच्या उपकेंद्रात, तिला ओळखणारी आशाताईही तिकडेच, आणि सातवा महिना बागेतल्या पालावर. तपासणीला जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. (आरोग्यसेवा गावाला बांधलेली आणि पोट हंगामाला, अशी ही विसंगती आहे.)

कायदा मात्र बराच पुढे आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही त्यात धरले. अल्पवयीन गर्भवतीची माहिती पोक्सोखाली (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावी लागते, म्हणून लहान वयात लग्न झालेल्या मुलींची घरे दवाखाना टाळतात. मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांकडे तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असेही याच निकालात म्हटले आहे. पण हे पाड्यापर्यंत सांगणार कोण?

गर्भनिरोधनाचे ओझे बाईवरच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के होते, पुरुषांचे ०.३. पहिलटकरणीला मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये मिळतात, पण आधारवर माहेरचे नाव आणि बँकेत सासरचे असेल तर तेही अडकतात.