कॅम्परची जडवलेली शिडी आणि टेकवायची शिडी

कॅम्पर ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घराच्या, पाठीला जडवलेली शिडी पाहिली की मराठी माणसाला जुनी एसटी आठवते. हमाल डोक्यावर पोतं घेऊन त्या शिडीने भराभर टपावर जायचे. त्या आठवणीच्या भरवशावर अमेरिकेतल्या ट्रेलरच्या शिडीवर पाय ठेवू नये. ही शिडी बहुधा ॲल्युमिनियमच्या पातळ नळीची असते आणि फायबरग्लासच्या किंवा पत्र्याच्या भिंतीला मोजक्या स्क्रूंनी धरलेली असते.

टपावर जाणं मात्र चुकत नाही. झरोके, एसी, अँटेना यांच्या कडेचं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, तडकला की पाणी आत शिरतं, म्हणून अनेक कंपन्यांच्या पुस्तिका दर ९० दिवसांनी टप तपासायला सांगतात. मग जडवलेल्या शिडीने जायचं, की जमिनीवर उभी करून टेकवलेल्या? काम दोन्हींचं एकच दिसतं. फरक आहे तो आपलं वजन कुठे उतरतं याचा.

जडवलेल्या शिडीवर चढलात की वजन भिंतीतल्या स्क्रूंवर येतं. शिडी जवळजवळ सरळ उभी असल्याने चढणाऱ्याचं अंग मागे कलतं आणि वरचे स्क्रू बाहेर ओढले जातात. त्याच भोकांतून पाणी झिरपून आतलं लाकूड कुजलेलं असलं, तरी बाहेरून भिंत ठणठणीत दिसते. म्हणून आधी दोन्ही हातांनी शिडी गदागदा हलवून बघावी. डुगडुगली तर त्या दिवशी चढणं नाही. तिच्यावर सायकली टांगून हजारो मैल हिंडलेला ट्रेलर असेल तर जास्तच शंका घ्यावी. वजनाची मर्यादा स्टिकरवर किंवा पुस्तिकेत सापडते. २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो, हा आकडा बऱ्याचदा दिसतो. त्यात तुमच्याबरोबर हातातलं सामानही धरायचं.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ट्रेलरची चाकं मधोमध असतात आणि शिडी अगदी मागच्या टोकाला. गाडीपासून सोडवलेला, एकाच आसाचा हलका ट्रेलर असेल, तर मागे चढलेल्या माणसाच्या वजनाने त्याचं पुढचं टोक वर उचललं जाऊ शकतं. चाकांना ठोकळे लावून मागचे स्टॅबिलायझर जॅक, म्हणजे ट्रेलर स्थिर ठेवणारे खालचे टेकू, जमिनीला टेकवल्याशिवाय वर जाऊ नये.

टेकवायच्या शिडीचं वजन मुख्यतः जमिनीवर जातं, त्यामुळे हा धोका फारसा राहत नाही. पण ती नीट लावावी लागते. दर ४ फूट उंचीला पाया १ फूट बाहेर, हे तिचं माप. टप ११ फुटांवर असेल तर पाया पावणेतीन फूट लांब. शिवाय अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या नियमांप्रमाणे शिडी कडेच्या ३ फूट वर निघायला हवी, म्हणजे टपावर पाऊल टाकताना धरायला काहीतरी राहतं. हिशेब केला तर १४ फुटांहून जास्त लांबी लागते. दुकानात ‘१६ फुटी’ म्हणून मिळणारी सरकती शिडी इथे तोकडी पडते, कारण तिचे दोन भाग एकमेकांवर चढण्यातच सुमारे ३ फूट जातात. घडी करून डिकीत मावणाऱ्या छोट्या शिड्यांची तर बातच नको. टेकवताना पन्हळ किंवा सावलीचं ऑनिंग टाळून भक्कम कडेवर टेकवावी, कडेला जाड कापड घालावं आणि खाली कुणाला तरी धरायला उभं करावं. वर विजेच्या तारा असतील तर ॲल्युमिनियमची शिडी उचलूही नये.

रंगारी वापरतात तो घोडा या दोन्हींत बसत नाही. त्याच्यावर उभं राहून काम करता येतं, पण त्याच्यावरून टपावर पाऊल टाकायला जाल तर तो खालून सरकतो.

एका बाबतीत जडवलेली शिडी सरस आहे. तिचे दांडे वर वळून टपावर येतात, त्यामुळे शिडी सोडून टपावर जायचा अवघड क्षण सोपा होतो. टेकवलेल्या शिडीवर बहुतेक जण चुकतात ते नेमके तिथेच, आणि उतरताना तर जास्तच.

शिडीवरचा आकडा टपाला लागू होत नाही, हेही सांगायला हवं. कंपनीने शिडी जडवली असेल तर टप चालण्याजोगा असण्याची शक्यता असते, पण खात्री पुस्तिकेतच करावी. शिडीच नसेल तर बहुधा त्यावर माणूस चढणं अपेक्षित नसतं. अशा वेळी टेकवलेल्या शिडीवरून हात पुरेल तेवढंच काम करावं आणि शिडी हलवत हलवत पुढे जावं. चालण्याजोग्या टपावरही प्लायवूडची फळी टाकून वजन पसरवलेलं बरं. दवाने ओला झालेला रबरी टप भलताच निसरडा होतो, तेव्हा सकाळी तो वाळेपर्यंत थांबावं.

माझा कौल असा: शिडी घट्ट असेल आणि नुसती पाहणीच करायची असेल, तर जडवलेली चालेल. सीलंटच्या नळ्या, बादली, ब्रश घेऊन अर्धा दिवस वरखाली करायचं असेल तर टेकवायची शिडी घ्यावी. सामान दोन्ही वेळा दोरीनेच वर ओढावं, हात शिडीसाठी मोकळे ठेवून.